खाडीत उभ्या राहणाऱ्या फायबरच्या होडीला टिकाऊ अँटिफाउलिंग रंग कोणता?

नमस्कार मंडळी,

आमची १८ फुटी फायबरची होडी दाभोळच्या खाडीत असते आणि आम्ही पुण्यात, सिंहगड रोडला. महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी जाणं होतं. म्हणजे होडी फिरते कमी, उभी राहते जास्त. अडचण तिथेच आहे: उभ्या होडीच्या बुडाला कवचवाले समुद्री जीव चिकटतात, आणि ते बसू नयेत म्हणून जो रंग लावतात तो अँटिफाउलिंग.

गेल्या ऑक्टोबरात बोहरी आळीतल्या एका दुकानाने 'मरीन' म्हणून दिलेल्या लाल रंगाचे दोन हात मारले. तो लोखंडासाठीचा गंजरोधक रंग निघाला, असे जीव दूर ठेवणाऱ्या तांब्याचा त्यात पत्ताच नाही. फेब्रुवारीत इंजिन पूर्ण पिळलं तरी होडी पाण्यावर उचलेना. ओहोटीला गाळावर कलती करून पाहिली तर नाळेपासून इंजिनाच्या फळीपर्यंत बार्नॅकल, म्हणजे तेच कवचवाले जीव! भाऊ आणि मी दोन दिवस पत्र्याच्या पट्टीने खरवडत होतो. वरचं कवच निघतं, पण पांढरी गोल चकती जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत थराला) तशीच चिकटून राहते. ती काढताना तीन ठिकाणी फायबर उघडं पडलं. फार वाईट वाटलं.

आता नीट वाचलंय. कडक रंगाचा थर टिकतो, पण होडी बरेच दिवस कोरडी राहिली की त्याचा जोर जातो. आमची तर जून ते सप्टेंबर शाकारून माडाखाली असते, म्हणून तो बाद. सिलिकॉनच्या लेपावर बार्नॅकल बसतात पण घट्ट धरत नाहीत, वेगात गेलं की सुटतात. उभ्या होडीला त्याचा काय उपयोग? राहिला साबणाच्या वडीसारखा झिजणारा तांब्याचा रंग.

त्याचीही एक काळजी आहे. आमच्या खाडीत ओहोटीला बायका कालवं काढतात, ती आमच्याही ताटात येतात. फ्रान्समध्ये आर्काशाँच्या उपसागरात टीबीटी (कथिलाचं विषारी संयुग) असलेल्या रंगांनी कालवांची कवचं वेडीवाकडी झाली आणि १९८२ मध्ये छोट्या होड्यांवर त्या रंगांना बंदी आली. जहाजांसाठी जागतिक बंदी लागू व्हायला २००८ उजाडलं. तांबं तेवढं घातक नाही, तरी जुना थर खरवडून खाडीत सोडायचा नाही, हे आम्ही ठरवलंय. पाणी मारत घासायचं आणि खाली ताडपत्री अंथरायची.

पाण्याखालचा भाग साधारण १० चौरस मीटर भरतो. दोन हात आणि पाणरेषेवर तिसरा, म्हणजे अडीच लिटर पुरावा.

जाणकारांनी कृपया सांगा:

महिना-महिना उभ्या होडीवर झिजणारा रंग दोन हंगाम टिकतो का, की दरवर्षी एक हात मारावाच लागतो?

खाली इपॉक्सी प्रायमर देणार आहोत. तो बोटाला किंचित चिकटत असतानाच वरचा हात द्यायचा म्हणतात. कोकणातल्या ऑक्टोबरच्या उन्हात ती वेळ किती मिळते?

इंजिनाचा पाय ॲल्युमिनियमचा आहे, तिथे तांब्याचा रंग चालत नाही. तुम्ही काय लावता?

आणि अडीच लिटर सुटा रंग मिळतो कुठे? विचारावं तिथे २० लिटरचा डबा घ्या म्हणतात. नवरात्रात काम काढायचंय, कोजागिरीनंतर होडी पाण्यात.