चिमणीमागे कोणती टाइल लावू?

जुळे सोलापुरात घर आहे. ओट्याची भिंत ८ फूट, मधे ६० सेंमीची चिमणी. सासूबाई रोज भाकऱ्या थापतात, आठवड्याला शेंगा भाजणं वेगळंच. जुन्या टाइलच्या सांध्यांत पिवळा थर बसलाय, तारेच्या घासणीनंही निघेना. मॅट घेऊ की ग्लॉसी? चिमणीशेजारी उघडे शेल्फ चालतील?

— ग्लॉसीच घ्या, २ बाय १ फुटी, सांधे कमी. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (डाग न शोषणारा रेझिनचा भराव) भरा, पांढरं सिमेंट नको.

— उघडे शेल्फ मी केले आणि पस्तावले. महिन्याभरात बरण्यांवर चिकट धूळ, झाकण उघडलं की बोटं काळी.

— अहो, पण शेंगाचटणीची बरणी हाताशी हवीच ना!

— मग शेगडीपासून हातभर लांब एकच फळी ठोका. आणि चिमणी बर्नरपासून २६ ते ३० इंचांवरच, मिस्त्री उगाच वर चढवतो.