डबलसीट लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल निवडताना मागच्या सीटचा विचार कसा करावा?

रंकाळाकाठ

नमस्कार. आम्ही दोघे नवराबायको पन्नाशी ओलांडलेले असून कोल्हापुरात राहतो. मुले बाहेरगावी असल्यामुळे फिरायला आता आम्ही दोघेच उरलो आहोत. सध्याच्या १२५ सीसीच्या गाडीवर पन्हाळा आणि जोतिबा सहज होतो. परंतु गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकणात गेलो की परतीच्या चढावर इंजिनाचा जीव कासावीस होतो आणि घरी पोहोचेपर्यंत पत्नीची कंबर धरलेली असते. येत्या हिवाळ्यात आंबोलीमार्गे गोवा आणि जमल्यास बदामी-हंपी असा प्रवास करण्याचा विचार आहे.

माझी उंची ५ फूट ७ इंच, तिची ५ फूट १ इंच असून तिच्या डाव्या गुडघ्याला त्रास आहे. रॉयल एनफिल्डच्या मीटिअर ३५०, सुपर मीटिअर ६५० आणि हिमालयन ४५०, तसेच बजाज डॉमिनार ४०० अशा चार गाड्या डोक्यात आहेत. शोरूममध्ये मात्र सगळे बोलणे इंजिन, डिस्प्ले आणि रंग यांभोवतीच फिरते. मागच्या सीटबद्दल विचारले तेव्हा विक्रेत्याने ती अंगठ्याने दाबून दाखवली, "एकदम सॉफ्ट आहे" असे सांगितले आणि तो पुन्हा हप्त्यांच्या हिशेबाकडे वळला. दोघांनाही सोसवेल अशी गाडी कोणती आणि ती ठरवताना नेमके काय पाहावे? ताशी ८०-९० किलोमीटरच्या पुढे जाण्याची हौस नाही.

एनएच४८

माझे मत सरळ सुपर मीटिअर ६५० ला. पुणे-बंगळूर महामार्गावर दोन माणसे आणि सामान घेऊन लांबलचक ट्रक ओलांडताना इंजिनात दम असला की मागे बसणाऱ्याचाही जीव टांगणीला लागत नाही. ६४८ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, सुमारे ४७ बीएचपी शक्ती आणि ५२ एनएम टॉर्क (चाक फिरवणारा जोर) असल्यामुळे तुमच्या ८०-९० च्या वेगाला ती निवांत चालते. शिवाय सीटची उंची ७४० मिलिमीटर आहे. चालकाचे दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेले असले, तर मागच्या माणसाच्या चढण्याउतरण्याच्या वेळी गाडी डुलत नाही, आणि वयाच्या या टप्प्यावर ही गोष्ट लहान नव्हे.

किंमत मात्र नीट पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के जीएसटी लागू झाल्यामुळे ३४९ सीसीची मीटिअर आणि ही मोठी बहीण यांच्यातील अंतर पूर्वीपेक्षा वाढले आहे.

उद्यमनगर

इंजिनाविषयी वर जे लिहिले आहे ते सगळे मान्य आहे; पण प्रश्न मागच्या सीटचा आहे, आणि मागच्या सीटला इंजिनापेक्षा शॉकअप जास्त जाणवतो. सुपर मीटिअरच्या मागच्या शॉकअपची हालचाल १०१ मिलिमीटर आहे, हिमालयन ४५० ची २००. दोन माणसे आणि बॅगा चढल्या की स्प्रिंग मुळातच बरीच दबलेली असते. त्यानंतर खड्ड्यासाठी जी थोडी हालचाल शिल्लक राहते, ती संपली की शॉकअप तळाला आपटतो आणि धक्का सरळ मणक्यात जातो. सुपर मीटिअरसारख्या क्रूझर प्रकारच्या, म्हणजे बुटक्या आणि लांबट गाडीवर मागचा माणूस जवळजवळ चाकाच्या आसाच्या वरच बसत असल्यामुळे त्याच्या वाट्याला हा धक्का चालकापेक्षा अधिक येतो. चालक मात्र खोलगट रुंद सीटवर मजेत असतो आणि "गाडी काय मखमली आहे" असे सांगत सुटतो.

म्हणून कोणतीही गाडी घेतली तरी स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे ती आधीच किती दाबून ठेवायची हे, दोघांच्या वजनाप्रमाणे लावून घ्यावा. या चारही गाड्यांत तो बदलता येतो. मीटिअर ३५० मध्ये त्याचे सहा टप्पे आहेत. मागे दोन शॉकअप असलेल्या गाडीत दोन्ही बाजूंचे शॉकअप एकाच टप्प्यावर असल्याची खात्री करावी, कारण एक घट्ट आणि एक सैल असलेल्या गाड्या आमच्याकडे नेहमी येतात आणि मालकाची तक्रार असते की वळणावर गाडी विचित्र वागते. टायरची हवा थंड असताना तपासावी. डबलसीटसाठी मागच्या चाकाचा वेगळा आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, त्यापेक्षा जास्त हवा भरून "गाडी हलकी पळते" या समाधानात राहू नये, कारण कडक टायरचा प्रत्येक दणका मागच्या माणसालाच सोसावा लागतो.

सामानाचेही तसेच आहे. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या बॅगांत, शक्य तितक्या खाली आणि पुढे ठेवाव्यात. मागच्या आसापलीकडे लटकणारा टॉप बॉक्स ठासून भरला की पुढचे चाक हलके पडते आणि घाटातल्या वळणावर हँडलमधला विश्वास जातो. बॅगांसाठी लोखंडी स्टे (आधाराच्या दांड्या) आमच्या भागात चांगले करून मिळतात. फक्त वेल्डिंग करण्याआधी वहिनींना सीटवर बसवून त्यांची टाच बॅगेला लागत नाही ना, हे पाहून घ्या. आणि दिसायला बरे वाटते म्हणून साडी गार्ड व मागची पकड काढू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार पकड, फूटरेस्ट आणि चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. लांबच्या प्रवासात ओढणी किंवा रेनकोटचे टोक चाकात जाण्याचा धोका खरा असतो.

राहिले वजन. सुपर मीटिअर २४१ किलोची आहे. पेठेतल्या बोळात किंवा घाटातल्या उताराच्या पार्किंगमध्ये ती मागे ओढावी लागेल तेव्हा माझी आठवण येईल.

मागचीसीट

या चर्चेत मागे बसणारे कोणी बोललेलेच नाही, म्हणून लिहिते. माझे यजमान गाडी चालवतात आणि मी मागे बसून कोकण व उत्तर कर्नाटक पाहिले आहे.

वहिनींचा डावा गुडघा दुखतो, हीच माझ्या मते निर्णायक बाब आहे. उंच गाडीवर चढताना आपण डावा पाय फूटरेस्टवर ठेवून सगळे शरीर त्या एका गुडघ्यावर उचलतो. हिमालयन ४५० ची चालकाची सीटच ८२५ मिलिमीटरवर आहे आणि मागची त्याहूनही वर. सामानाच्या बॅगा लागल्या की पाय आणखी उंच फिरवावा लागतो. दिवसभरात चहा, पेट्रोल, फोटो यांसाठी जितक्या वेळा थांबाल तितक्या वेळा हा व्यायाम होणार. शॉकअप कितीही मऊ असला तरी संध्याकाळी गुडघा सुजलेला असेल, तर त्या मऊपणाचा काय उपयोग?

बसल्यानंतर पाहायची गोष्ट म्हणजे सीट आणि फूटरेस्ट यांतील अंतर. ते कमी असले की गुडघे दुमडून वर येतात आणि तासाभरात मांड्या आखडतात. वहिनींची उंची कमी असल्याने तिथे त्यांना थोडी सवलत मिळेल. सीट पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला आपण चालकाच्या पाठीवर घसरतो, हेल्मेटवर हेल्मेट आपटते आणि पुन्हा मागे सरकताना कंबर वापरावी लागते. दिवसभराच्या थकव्याचा मोठा वाटा या घसरण्याचाच असतो. म्हणून बॅकरेस्ट हवाच, पण त्याची उशी कंबरेच्या खोलगट भागाला टेकणारी असावी. माकडहाडाला टोचणारा बॅकरेस्ट नसलेला बरा. अंगठ्याने दाबली की खोल जाणारी सीट तर मी आधीच नाकारते. मऊ फोम अर्ध्या तासात बसतो आणि खालची पाटी लागू लागते, उलट थोडा घट्ट आणि रुंद फोम दुपारपर्यंत साथ देतो.

साडी नेसून एका बाजूला बसून हा प्रवास करू नये, हे स्पष्टच लिहिते. सलवार किंवा पँट, घोट्यापर्यंतचे बूट आणि स्वतःच्या मापाचे हेल्मेट घालावे. हेल्मेट दोघांनाही कायद्याने सक्तीचे आहे, मात्र मागच्या माणसाला घरातले जुने, सैल हेल्मेट देण्याची पद्धत सर्रास दिसते. सैल हेल्मेट वाऱ्यात हलते आणि मान दुखते, मग दोष गाडीला दिला जातो.

रंकाळाकाठ

सर्वांचे आभार. पत्नीने ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि हिमालयनवर फुली मारली. आता मीटिअर ३५० आणि डॉमिनार यांत निवड करावी असे वाटते. ३५० दोघांचे ओझे घेऊन आंबोलीचा घाट चढेल का? आणि चाचणी कुठे घ्यावी?

उद्यमनगर

चढेल. मीटिअरची शक्ती सुमारे २० बीएचपी असली तरी २७ एनएम टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच मिळतो, त्यामुळे तिसऱ्या गिअरमध्ये ती कुरकुर न करता घाट चढते. महामार्गावर ८० पर्यंत ती सुखात राहते. ९० च्या पुढे दोघांसह ओलांडायला जागा आणि संयम लागतो. डॉमिनार ४० पीएसची (हेही बीएचपीसारखेच शक्तीचे माप) असल्याने तिथे नक्कीच सरस आहे, आणि २०२१ पासून तिच्यासोबत उंच काच, कॅरिअर आणि बॅकरेस्टही येऊ लागला. पण तिची सीट ८०० मिलिमीटरवर आहे, मीटिअरची ७६५ वर. गुडघा पाहता हे ३५ मिलिमीटर तुम्हाला रोज मोजावे लागतील. मी मीटिअर घेईन आणि वाचलेल्या पैशांतून चांगली सीट, बॅकरेस्ट व दोन हेल्मेट घेईन.

चाचणी शोरूमभोवती एक चक्कर मारून घेऊ नका. गाडी किमान तासभर मागा, दोघेही बसा, टाकी भरण्याचा खर्च स्वतः करा म्हणजे नकार देणे त्यांना अवघड जाईल. फुलेवाडी-बालिंगा करत गगनबावडा रस्त्याने कळ्यापर्यंत जा आणि परत या. गतिरोधक, खराब पट्टे आणि मोकळा रस्ता तिन्ही मिळतात. प्रीलोड निघण्यापूर्वीच वाढवून घ्या. परतल्यावर तुम्ही काही बोलू नका, आधी वहिनींना विचारा.

मागचीसीट

एक भर घालते. चाचणीत वहिनींनी निदान पाच-सहा वेळा तरी चढून-उतरून पाहावे, तेही चालकाने साइड स्टँड काढून, दोन्ही पाय टेकून आणि पुढचा ब्रेक दाबून गाडी धरलेली असताना. आणि हिवाळ्यात निघणार असाल तर ऊसतोडणीचा हंगाम असतो. अंधार पडल्यावर दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर अचानक समोर येतात आणि तो करकचून लावलेला ब्रेक मागच्या माणसाच्या कंबरेला सगळ्यात महाग पडतो. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोहोचता येईल इतकेच अंतर ठरवा.