हिरडीच्या पॉकेटमधले जंतू: कल्चर करावं की पीसीआर? (एमडीएस प्रबंध, सल्ला हवा)

दातवण
पेरिओ (हिरड्यांचे रोग) एमडीएस, पहिलं वर्ष. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायची आहे. प्रश्न असा: पेरिओडॉन्टायटिसच्या (दाताभोवतीचं हाड झिजवणारा हिरडीचा रोग) रुग्णात खोल पॉकेटमध्ये (हिरडी आणि दात यांमधली खोबण) आणि त्याच तोंडातल्या निरोगी जागी पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू किती सापडतो, आणि स्केलिंग-रूट प्लेनिंगनंतर (दात आणि मुळं खरवडून साफ करणं) तीन महिन्यांनी किती उरतो? रुग्ण ३०. मायक्रोबायोलॉजीकडे ॲनारोबिक जार (ऑक्सिजनविरहित डबा) आहे, चेंबर नाही. पीसीआर (डीएनएवरून जंतू शोधणं) बाहेरच्या लॅबमधून करावं लागेल. गाईडचं मत कल्चर (जंतू प्लेटीवर वाढवणं), सीनियरांचं मत 'त्या फंदात पडू नकोस'. काय करू? आगाऊ धन्यवाद.

सीटी_बावीस
तुमच्या प्रश्नात 'किती' हा शब्द दोनदा आला आहे. मग रिअल-टाइम पीसीआरच, ते डीएनए किती आहे हे मोजतं. साधं पीसीआर 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतं (जेलवर ४०४ बेसपेअरचा पट्टा दिसला की झालं), आणि खोल पॉकेट असलेल्या बहुतेकांत उत्तर 'आहे' येणार. उपचारानंतरही बऱ्याच जागी 'आहे'च. मग चर्चेच्या प्रकरणात लिहाल काय?

जिंजिव्हॅलिससोबत त्याच नमुन्यात एकूण जंतूंचा १६एस (सगळ्या जंतूंत असणारा जीन) सुद्धा मोजून घ्या. तुलना गुणोत्तराची करा. नाहीतर एका पेपर पॉइंटवर (पॉकेटमधला नमुना टिपणारी कागदी काडी) जास्त प्लाक आला आणि दुसऱ्यावर कमी, एवढाच फरक तुम्ही मोजत बसाल.

काळी_वसाहत
कल्चरला सरसकट नाही म्हणू नका. पीसीआर मेलेल्या जंतूचाही डीएनए मोजतं, आणि जिवंत वसाहत हातात असल्याशिवाय अँटिबायोटिकची संवेदनशीलता तपासता येत नाही. पण तुमच्या प्रश्नाला ती लागत नाही, हेही खरं. तरी गाईड अडून बसले तर हे सांभाळा:

मीडियम (जंतू वाढवायचं खाद्य): ब्लड अगार बेस, ५ टक्के मेंढीचं रक्त, हेमिन ५ मायक्रोग्रॅम आणि मेनाडिओन १ मायक्रोग्रॅम प्रति मिली. हेमिन नुसत्या पाण्यात विरघळत नाही. ५० मिलिग्रॅम हेमिन आधी १ मिली एक-नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, मग पाण्याने १०० मिली करा. एक लिटर मीडियमला यातलं १० मिली लागतं. मेनाडिओन अल्कोहोलमध्ये, तपकिरी बाटलीत ठेवा, उजेडाने बिघडतं. रक्त घालताना अगार ५० अंशांच्या आसपास उतरलेलं हवं. त्याहून गरम असेल तर रक्त चॉकलेटी पडतं.

प्लेटी वापरण्याआधी २४ तास जारमध्येच ठेवून ऑक्सिजनमुक्त करा. जारला पॅलेडियम कॅटॅलिस्ट असेल तर दर वापरानंतर १६० अंशांवर दोन तास कोरडं तापवा. ओलं कॅटॅलिस्ट काम करत नाही आणि दोष मात्र जारमधल्या गॅसच्या पाकिटाला लागतो. आत रेसाझुरिनची (ऑक्सिजन उरला का ते दाखवणारी) पट्टी हवीच. ती गुलाबीची पांढरी झाली नाही तर तो जार मोजणीत धरू नका. ३७ अंश, पहिले सात दिवस जार उघडायचा नाही. काळा रंग सावकाश चढतो: आधी मळकट, मग तपकिरी, मग डांबरासारखा.

सगळ्यात जास्त फसगत इथे होते: कॅनामायसिन-व्हँकोमायसिन असलेलं 'ॲनारोब सिलेक्टिव्ह' मीडियम आणतात आणि जिंजिव्हॅलिस उगवतच नाही. ग्रॅम-निगेटिव्ह असूनही तो व्हँकोमायसिनला बळी पडतो. नेहमीच्या ७.५ मायक्रोग्रॅमला दबतो. मग 'शून्य टक्के आढळ' म्हणून निष्कर्ष छापला जातो.

आणि काळी वसाहत दिसली म्हणजे जिंजिव्हॅलिस असं नाही. प्रिव्होटेला इंटरमीडियाही काळी पडते. लांब लहरींच्या यूव्हीखाली धरा: प्रिव्होटेला विटकरी लाल चमकते, जिंजिव्हॅलिस चमकत नाही.

प्रोब_पंधरा
दोघांचंही मान्य, पण बहुतेक प्रबंध लॅबमध्ये नाही, खुर्चीत बिघडतात.

प्रोबिंग (पॉकेटची खोली मोजणं) आणि नमुना एकाच भेटीत नको. प्रोब घातला की रक्त येतं आणि पॉकेटमधला थर हलतो. पहिल्या भेटीत सहा जागी मोजून चार्ट भरा, जागा ठरवा, नमुना काही दिवसांनी पुढच्या भेटीत. प्रोब यूएनसी-१५ (मिमीच्या खुणांचा), दाब सुमारे ०.२५ न्यूटन. खोल जागा ६ मिमी किंवा जास्त आणि रक्त येणारी. निरोगी जागा ३ मिमीपर्यंत, रक्त न येणारी.

नमुन्याच्या दिवशी कापसाच्या रोलने जागा वेगळी करा. हिरडीच्या वरचा प्लाक निर्जंतुक क्युरेटने आणि बोळ्याने काढा, आत न शिरता. हवेची हलकी फुंकर आडवी मारा, पॉकेटमध्ये नको. ३० नंबरचा निर्जंतुक पेपर पॉइंट अडेपर्यंत आत आणि घड्याळ लावून ३० सेकंद. मनात तीस मोजू नका, गर्दीच्या ओपीडीत तीसचे बारा होतात. पॉइंट लालभडक निघाला तर टाकून द्या.

चार खोल जागांचे चार पॉइंट एकाच नळीत घालायचे की वेगळे, हे आधीच ठरवा. एकत्र घातलेत तर रुग्णामागे आकडा एक. वेगळे ठेवलेत तरी ३० रुग्णांच्या १२० जागा म्हणजे नमुनासंख्या १२० होत नाही, एका तोंडातल्या जागा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. हे परीक्षक विचारतातच.

वगळण्याचे निकष: तीन महिन्यांत अँटिबायोटिक, सहा महिन्यांत स्केलिंग, गरोदरपण, मधुमेह, तंबाखू. 'तंबाखू खाता का?' एवढंच विचारू नका. मिश्री लावणाऱ्या बायका प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. 'सकाळी दाताला काय लावता?' असं विचारा आणि हिरडीच्या कडेचा काळपट डाग बघा. अँटिबायोटिकचा प्रश्न तीन महिन्यांच्या भेटीत पुन्हा विचारायचा. लोक येईनासे होतात, म्हणून ३० हवे असतील तर ३६-३७ घ्या.

सीटी_बावीस
लालभडक पॉइंटला अनुमोदन. रक्तातला हीम पीसीआर दाबतो. लॅबला सांगा, थोडे नमुने दहापट पातळ करूनही चालवा. सीटी (संकेत दिसेपर्यंत लागलेली आवर्तनं) साधारण ३.३ ने वाढायला हवा. दीडनेच वाढला तर मूळ नमुन्यात अडथळा आहे, जंतू कमी नाहीत. एक कोरा पेपर पॉइंटही सगळ्या पायऱ्यांतून न्या. पॉझिटिव्ह कंट्रोलला एटीसीसी ३३२७७ (जिंजिव्हॅलिसचा प्रमाण वाण) चा डीएनए.

दातवण
खूप आभार सगळ्यांचे. मग फक्त जिंजिव्हॅलिस पुरेल? की 'रेड कॉम्प्लेक्स'चे तिन्ही घेऊ?

तिसरा_दाढ
तिन्ही घ्या, खर्च फार वाढत नाही. सॉक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये रंगांचे गट पाडले ते १८५ जणांच्या १३,२६१ नमुन्यांवरून. लाल गटात जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला एकत्र सापडले, आणि पॉकेटची खोली व रक्तस्राव यांच्याशी जोडलेले. एकटा जिंजिव्हॅलिस मोजून तुम्ही त्यातला सोबतीचा भाग सोडून देता. कल्चर केलंत तर हे दोघे आणखी छळतात: टॅनरेलाला एन-ॲसिटिलम्युरामिक ॲसिड लागतं, ट्रेपोनेमाला वेगळं सीरमयुक्त मीडियम.

मात्र 'जंतू जास्त म्हणजे रोग जास्त' हे गृहीतक सिनॉप्सिसमध्ये ठोकून लिहू नका. हाजिशेंगॅलिस यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांत दाखवलं की जिंजिव्हॅलिस एकूण जंतूंच्या ०.०१ टक्क्याहून कमी असूनही हाड झिजतं. तो यजमानाची प्रतिकारव्यवस्था बिघडवतो आणि बाकीचे जंतू फोफावतात. जंतूविरहित उंदरांत तो एकटा सोडला तर हाड झिजत नाही. म्हणून वर सांगितलेला एकूण १६एस तुमच्यासाठी नुसता भाजक नाही, तो स्वतंत्र निष्कर्ष आहे. वेगळा तक्ता करा.

दातवण
ठरलं, रिअल-टाइम पीसीआर, तिन्ही जंतू आणि एकूण १६एस. पाच-सहा नमुन्यांचं कल्चर गाईडसाठी. शेवटचं: नमुने बर्फात न्यायचे ना?

काळी_वसाहत
पीसीआरचे हो, कल्चरचे नाही. थंड द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो. कल्चरचे पॉइंट रिड्यूस्ड ट्रान्सपोर्ट फ्लुइडमध्ये (ऑक्सिजन काढलेला द्रव), खोलीच्या तापमानाला, त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर.

सीटी_बावीस
पीसीआरचे बफरमध्ये, बर्फावर, मग उणे ८०. विभागातल्या घरगुती 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रीजच्या वरच्या कप्प्यात तीन महिने ठेवू नका, तो बर्फ काढण्यासाठी स्वतःच मधूनमधून गरम होतो. आणि नळ्यांवर साध्या मार्करने लिहू नका. स्पिरिटचा हात लागला की नंबर जातो. झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे लेबल.