बागेला ताण देतो, मग पोराला का नाही?

माळरान (आटपाडी), 4 डिसेंबर

राम राम मंडळी. प्रश्न बागेचा वाटेल, पण निम्माच बागेचा आहे.

भगवा डाळिंब, तीन एकर, सात वर्षांची झाडं, जमीन मुरमाड. यंदा आंबे बहार धरतोय, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं; त्यासाठी आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. सोमवारी ठिबकचे कॉक बंद केले. शेततळं काठोकाठ आहे, टेंभू उपसा योजनेचं पाणीही येऊन गेलंय, आणि मी रोज सकाळी कोरड्या बागेत उभा राहून पानं पिवळी पडायची वाट बघतोय. घरची म्हणते, घरात पाणी असून झाडं वाळवणारे तुम्हीच.

आमच्या वडिलांना हे करावंच लागलं नाही. 1990 ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा त्यांनी एकरभर गणेश जातीचं डाळिंब लावलं, दोनशेच्या आसपास झाडं. मी चौदा वर्षांचा. विहिरीत उतरायचं, घागरी भरायच्या, कावडीनं न्यायच्या, झाडाला दोन घागरी. शेवटच्या ओळीला पोचेस्तोवर पहिल्या ओळीतलं आळं वरून पांढरं पडलेलं असायचं. फागुन-चैतात विहीर तळ गाठायची, झाडं आपोआप ताणावर जायची, आणि पाऊस पडला की फुलायची, तो मृग बहार. ताण आभाळच द्यायचं. आपण फक्त झाड मरू द्यायचं नाही. आता उन्हाळ्यातही पाणी आहे म्हणून ताण मला द्यावा लागतो. नाही दिला तर झाड नुसतं माजतं. हिरवंगार, फुटव्यांवर फुटवे, आणि कळी शोधावी लागते.

आता उरलेला निम्मा प्रश्न. पोरगं एफवायला आहे. स्वभावानं गुणी, कुणाला उलट बोलत नाही. पण मागितलं ते मिळालं आणि मिळालं ते टिकलं नाही. नववीत क्रिकेटचं किट, दहावीत गिटार (त्यावर आता त्याच्या आईच्या ओढण्या वाळत असतात), बारावीनंतर व्हिडिओ काढायला कॅमेरा, त्याची पिशवी अजून कोरी. आता मोटारसायकल पाहिजे, दीड लाखाच्या वरची. बाप म्हणून माझ्याकडे पैसे आहेत. परवा कॉक बंद करताना मनात आलं, झाडाचं ओळखतो, पोराचं का ओळखत नाही?

पण दुसरं मनही आहे. मी कावड वाहिली ती गरज होती. घरी चारचाकी उभी असताना त्याला कावड वाहायला लावली तर तो हसेल, आणि बरोबरच हसेल. ठरवून आणलेल्या टंचाईला काही किंमत असते का, की ते नुसतं नाटक? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

तात्या_सांगोला

पंचेचाळीस वर्षं डाळिंबात घालवली. तेल्या रोगानं दोनदा बाग काढायला लावली, तिसऱ्यांदा लावली.

बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. खडी फोडली, कामावर सुकडी मिळायची ती खाल्ली, घरी मिलो ज्वारीची लाल भाकरी. गावातले लोक अजून म्हणतात, त्या दुष्काळानं आमची पिढी घडली. खोटं हाय ते. माझ्या बरोबरीची हुशार पोरं त्या सालात शाळेतून सुटली ती कायमची. घडलो ते आम्ही चार-दोन, म्हणून आमचीच गोष्ट ऐकू येते. त्याला ताण म्हणू नका. तो दुष्काळ.

ताण कधी देतात? तोडणी झाल्यावर झाडाला विश्रांती देतो, शेणखत घालतो, पाणी देतो, काडी पेन्सिलीएवढी जाड होऊ देतो. काडीत अन्न साठलं की मग पाणी तोडायचं. उपाशी झाडाला ताण दिला तर कळी येत नाही, काडी वाळते. तुमचं पोरगं खाल्लं-पिल्लेलं आहे, मायेत वाढलेलं आहे. द्या ताण, मरत नाही. फक्त स्वतःची कावड त्याच्या खांद्यावर देऊ नका, ती तुमची होती.

कसमादेची_लेक (सध्या पुणे)

मी ताण दिलेलं झाड आहे, म्हणून लिहिते.

सटाण्याकडं आमची डाळिंबं होती. वडील कडक. आठवीत सहलीला जायचं होतं, तर म्हणाले पैसे नाहीत. अकरावीला सायकल मागितली, पैसे नाहीत. मी रोज तीन किलोमीटर चालत एसटीच्या थांब्यावर जायचे आणि मनातल्या मनात हिशोब करायचे की घर किती अडचणीत आहे. रात्री आई-वडील हळू बोलताना दिसले की वाटायचं, कर्जाचंच असणार. लग्न ठरलं तेव्हा कळलं की त्याच सालांतल्या ठेवी बँकेत पडून होत्या. वडील कौतुकानं म्हणाले, बघ, तुला घडवायला लपवलं.

चालण्याचं मला काही वाटलं नाही. पाय घट्ट झाले. पण ती काळजी मी फुकट केली, चार वर्षं, एका मुलीनं एकटीनं. ते अजून जात नाही. तेव्हा दादा, कॉक बंद करा, पण बंद केलाय हे सांगून करा. ‘पैसे आहेत, तरी देत नाही’ हे वाक्य बोलायला जड जाईल. ‘पैसे नाहीत’ म्हणणं सोपं असतं.

नाटकाबद्दल एक. माझ्या सोसायटीत दहा मिनिटांत काय हवं ते दाराशी येतं. गेल्या वर्षी मी ठरवलं की रविवारी भाकरी स्वतः थापायची, बाहेरून काही मागवायचं नाही. आई करायची ते बघितलेलं, पण हाताला कधीच आलेलं नव्हतं. पहिले दोन महिने नकाशेच. कडा चिरायच्या. मग कळलं की दुकानातलं पीठ जुनं, त्याचा चिकटपणा गेलेला, त्याला उकळतं पाणी लागतं. आता ज्वारी आणते, पाव-पाव किलो दळून घेते. गरज कसलीच नाही. नवरा म्हणतो नाटक. असेल. पण तव्यावर भाकरी टम्म फुगते तेव्हा तोही मोबाईल ठेवून बघायला येतो.

कृषी_पदवीधर

आधी बागेचं. मुरमाड जमिनीत महिना-सव्वा महिना ताण बसतो, भारी काळ्या जमिनीत त्याहून बराच जास्त लागतो, म्हणून शेजाऱ्याचे दिवस मोजू नका, स्वतःची पानं बघा. पानं पिवळी पडून गळायला लागली की मग उरलेली पानं गळायला इथ्रेलची फवारणी, आधी घाई नको. नंतर हलकी छाटणी, खतं, आणि पहिलं पाणी हलकंच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर, तुम्ही रागावणार नसाल तर. झाड आणि मूल एक नाही. झाड विचारत नाही की बाबा, कॉक का बंद केला. मुलगा विचारणार, आणि त्याला उत्तर द्यावं लागणार. पण उपमाच घ्यायची तर पूर्ण घ्या. फळ झाडावर असताना पाण्याचा खंड पडला आणि मग एकदम भरपूर पाणी सोडलं की फळ तडकतं. कोरडं असताना तडकत नाही, पाणी आल्यावर तडकतं. आपल्याकडे घराघरांत हेच चालतं. चार महिने ‘नाही म्हणजे नाही’, मग दिवाळीला आईचे डोळे भरले की एकदम गाडी दारात. त्यापेक्षा आजच घेऊन द्या.

माळरान (आटपाडी), 15 डिसेंबर

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं उत्तर घरी मोठ्यानं वाचलं. घरची काही बोलली नाही, पण ओढण्या गिटारवरून काढल्या.

रविवारी पोराला बसवलं आणि गेल्या तीन सालांच्या माल विकल्याच्या पट्ट्या, औषधांची बिलं, मजुरी, शेततळ्याच्या कागदाचं कर्ज, सगळं समोर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलेलं कंटाळेल. तासभर बसला. त्याला धक्का कमाईचा नाही, फवारणीच्या खर्चाचा बसला. मग म्हणालो, गाडीचे पैसे आहेत, पण देणार नाही. विहिरीकडच्या दोन ओळी तुझ्या. ताणापासून तोडणीपर्यंत तू बघायचं. खर्च मी घालतो, मांडून ठेवतो, खर्च वजा जाऊन जे उरेल ते तुझं, गाडी घे नाहीतर जाळ.

म्हणाला, तेल्या आला तर?

म्हणालो, आला तर गाडी नाही. मला तरी कोण देतं?

आईशी दोन दिवस अबोला होता. माझ्याशी नव्हता, याचंच नवल.

तात्या_सांगोला

ओळी विहिरीकडच्या दिल्या? तिकडं ओल जास्त असणार, ताण नीट बसायचा नाही. पोराला आधीच तोट्यात घातलं तुम्ही.

माळरान (आटपाडी), 9 फेब्रुवारी

तात्या, तुम्ही बोलला तेच झालं, पण ते माझ्या नाही, त्याच्या ध्यानात आलं. माझ्या बागेला पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी मी त्याच्याही ओळींचे कॉक उघडून आलो. सकाळी बघतो तर परत बंद. विचारलं तर म्हणाला, माझी पानं अजून हिरवी आहेत, सहा दिवस थांबतो. मला न विचारता.

कळी निघालीय. माझ्याकडं चांगली दिसतेय, त्याच्याकडं आठवडाभर उशिरा आणि सध्या नर कळीच जास्त, तिला फळ धरत नाही. मादी कळी मोजायला रोज संध्याकाळी वही घेऊन जातो, रात्री मोबाईलवर काय काय वाचत बसतो, आणि मला काही विचारत नाही. मलाही खात्रीनं सांगता येईना. त्या कोऱ्या कॅमेऱ्यानं त्यानं कळ्यांचे फोटो काढलेत, खाली टाकतो. तात्या, या आठवड्यात सवड काढून एक चक्कर माराल का? एसटीनं या, स्टँडवर तो येईल घ्यायला, माझ्या जुन्या लुनावर.