‘ती चांगली गाते’ मधलं ‘चांगली’ कुठल्या रकान्यात?

मंडळी, नमस्कार,

रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या गटाला (नऊ-दहा वर्षांची मुलं) विशेषण आणि क्रियाविशेषण शिकवतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. इंग्लिशमध्ये यांना सोपी खूण मिळालेली असते, क्विकला ‘ली’ जोडलं की झालं क्विकली, त्यामुळे मराठीतही तीच शेपटी शोधत बसतात. म्हणून मी सांगितलं की नामाप्रमाणे बदलतं ते विशेषण आणि बदलत नाही ते क्रियाविशेषण. काळा कुत्रा, काळी मांजर, काळं वासरू, पण तो पटकन आला, ती पटकन आली, पटकन कुठेही पटकनच. फळ्यावर दोन रकाने मस्त भरत आले होते आणि तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "ताई, तो चांगला गातो, ती चांगली गाते, मग चांगली कुठे लिहू?" शेजारचा लगेच, "आणि लाल शर्ट, लाल टोपी, लाल फूल, लाल तर बदलतच नाही!" दोघांचंही बरोबर. पुढच्या रविवारी नीट सांगते म्हटलंय. कुणी शिकवलंय का हे आधी?

– मोठ्या गटाची ताई

*

अगं, मुलं लक्ष देऊन ऐकतायत म्हणून असे प्रश्न येतात, फार बरं वाटलं वाचून. मी तिकडे भारतात असताना बरीच वर्षं पाचवी-सहावीला मराठी शिकवलं, हा घोळ दरवर्षी व्हायचा.

बदलतं की नाही ही खूण सोडूनच दे. विशेषणांत ‘आ’ने संपणारी बदलतात, मोठा-मोठी-मोठं, पण लाल, सुंदर, हुशार, कडू, जड ही आहेत तशी राहतात. आणि क्रियाविशेषण म्हणून आलेला ‘चांगला’ बदलतो. आपल्या व्याकरणात शब्दांच्या ८ जाती, ४ विकारी (म्हणजे बदलणाऱ्या), ४ अविकारी (न बदलणाऱ्या, यांनाच अव्यय म्हणतात), त्यात क्रियाविशेषण अविकारींत बसवलंय म्हणून पुस्तकात ‘क्रियाविशेषण अव्यय’ असं लांबलचक नाव येतं. ‘ती चांगली गाते’ मध्ये शब्द बदलतोय म्हणून त्याला नुसतं क्रियाविशेषण म्हणायचं, अव्यय म्हणायचं नाही, इतकंच.

मुलांना एकच विचारायचं, हा शब्द कुणाबद्दल सांगतोय? ‘चांगली मुलगी गाते’ यात मुलगी कशी ते कळलं. ‘मुलगी चांगली गाते’ यात गाणं कसं चाललंय ते कळलं, मुलगी एरवी द्वाड असेल. शंका आली तर ‘चांगल्या प्रकारे’ घालून बघायला सांग. चांगल्या प्रकारे गाते, बसलं, म्हणजे क्रियाविशेषण. ‘ती चांगली आहे’ मध्ये घालून बघ, बसत नाही, कारण ते विशेषणच आहे, फक्त नामाच्या मागे गेलंय (विधिविशेषण म्हणतात, मुलांना नाव सांगू नकोस). ‘खूप’ मात्र जरूर घे. खूप माणसं, खूप हसला, एकच शब्द दोन्हीकडे कामाला. म्हणजे शब्दावर कायमचा शिक्का नसतो, वाक्यात त्याचं काम काय ते बघायचं, हे त्यांना आपोआप उमगतं.

‘पोळी पातळ लाटली’ असली वाक्यं मात्र या वयात नको, त्यावर मोठी माणसंही भांडतात.

*

काकूंना अनुमोदन, आणि पालक म्हणून एक सांगतो. आमच्या मुलाला व्याकरण अडत नाही हो, शब्द अडतात. त्याच्याकडे क्रियाविशेषणं दोनच, ‘हळू’ आणि ‘फास्ट’. खरं तर मराठीत याची केवढी श्रीमंती आहे! परवा दूध उतू गेलं तर धावत येऊन म्हणाला, "बाबा, मिल्क फास्ट बाहेर आलं." मी गॅस बंद केला आणि म्हटलं, भस्सकन उतू गेलं. त्याला तो शब्द इतका आवडला की रात्री झोपेपर्यंत सगळं भस्सकन होत होतं, नळ भस्सकन, दार भस्सकन. मग दार धाडकन, भांडं खणकन, डोळ्यात पाणी टचकन, असं करत करत जेवण झालं. वर्कशीटपेक्षा हे करा ना वर्गात. एकाने चालून दाखवायचं, दबकत, ऐटीत, तुरुतुरु, रेंगाळत, बाकीच्यांनी ओळखायचं.

आणि विशेषणांसाठी पिवळाधमक, काळाकुट्ट, हिरवागार घ्या. पिवळाधमक आंबा, पिवळीधमक हळद, पिवळंधमक वरण, शब्द मधेच बदलतो आणि शेपूट तशीच, मुलांना हे सापडलं की भारी मजा येते.

*

काकू, दादा, मनापासून आभार. आज दोन्ही केलं. ‘चांगली’ला क्रियाविशेषणाच्या रकान्यात घातल्यावर त्या मुलीने स्वतःच खाली लिहिलं, "इथे गाण्याबद्दल". चालण्याच्या खेळात दबकत कुणालाच येईना, शेवटी मी मांजर झाले. आणि निघताना बाहेर बर्फ सुरू झाला होता, तो लालवाला मुलगा खिडकीशी उभा राहून म्हणाला, "ताई, हा धाडकन नाही पडत." मी विचारलं मग कसा, तर बराच वेळ बघत राहिला. शेवटी मीच ‘भुरभुर’ सांगितलं आणि बूट घालता घालता तो तेच पुटपुटत होता.

पुढच्या रविवारी कुणाकडे बुटांची रिकामी खोकी असतील तर दोन आणा, शब्दांच्या चिठ्ठ्या टाकायला हव्यात.