कार्बोरेटर ओव्हरफ्लो: तुमच्या जुन्या गाडीत नेमकं काय निघालं? (अनुभव धागा)

ज्यांच्याकडे कार्बोरेटरवाली जुनी कार आहे किंवा होती त्यांनी इथे जरूर लिहा. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये पेट्रोल ठराविक लेव्हलला आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि नीडल (पेट्रोल आत येण्याचं भोक बंद करणारी सुई) सीटवर, म्हणजे त्या भोकाच्या तोंडावर, दाबून बसते, पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच. ती बसली नाही की जास्तीचं पेट्रोल थेट इंजिनात नाहीतर बाहेर मॅनिफोल्डवर (इंजिनला जोडलेल्या जाड नळ्यांवर). वास, काळा धूर, ओले प्लग ही लक्षणं सगळ्यांची सारखीच, पण कारण प्रत्येकाचं वेगळं निघतं आणि सल्ला मात्र एकच मिळतो, "ट्यूनिंग करून घ्या". ट्यूनिंगचा स्क्रू आयडलिंगचं (रेस न देता इंजिन नुसतं चालू असतानाचं) मिश्रण ठरवतो, बाऊलची लेव्हल नाही, त्यामुळे तो फिरवून हे जात नाही. म्हणून विनंती अशी की कोणता पार्ट बदलला एवढंच नको, तुम्ही काय बघितलंत आणि कशावरून ओळखलंत तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आयडलिंगला गाडी गुदमरायची, रेस दिली की बरी चालायची. एअर क्लीनर काढून आत टॉर्च मारला तर मेन जेटच्या नळीतून आयडलिंगलाच पेट्रोल ठिबकत होतं, तिथून ते रेस दिल्यावरच यायला पाहिजे. वरचं झाकण उघडून नीडल काढली, भिंगातून बघितली तर रबरी टोकावर गोल खाच पडलेली, नखाला लागेल एवढी. किट (कार्बोरेटरच्या झिजणाऱ्या पार्टचा संच) आणून नीडल आणि सीट जोडीनेच बदलली. काही दिवस छान चालली आणि परत तेच. पुन्हा उघडलं तर बाऊलच्या तळाशी काळे बारीक कण होते, बोटावर घेऊन चोळले की काजळीसारखे पसरत होते. गंज नव्हता तो, रबर होतं. फिल्टरनंतर कार्बोरेटरपर्यंत जो होज जातो तो बाहेरून धडधाकट दिसत होता पण कापून बघितल्यावर आतून भुगा. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं ते जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे इथेनॉलला चालेल असाच होज टाकला. फिल्टर कितीही भारी असला तरी त्याच्या पुढे तयार झालेली घाण तो अडवणार कशी?

*

तपासायच्या आधी एक सांगतो. पेट्रोल बाहेर ठिबकत असेल तर सेल्फ मारत बसू नका. बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्बोरेटरच्या अगदी खाली असतो. आधी इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, अग्निशामक जवळ ठेवा, मगच हात घाला.

*

माझ्याकडे फ्लोटच बुडत होता. पितळी फ्लोट, वरून चकाचक. कानाशी धरून हलवला तर आत पेट्रोल खळखळलं! भोक मात्र कुठे दिसेना. मोकळ्या हवेत, आसपास कुठेही ज्योत नाही अशा जागी भांड्यात गरम पाणी घेतलं आणि त्यात फ्लोट दाबून धरला, आतली हवा फुगते आणि जिथे भोक आहे तिथून बुडबुडे येतात. जोडाच्या रेषेवर एका जागी बारीक बुडबुड्यांची माळच लागली. ओळखीच्या एकांनी डाग देऊन टाकू म्हटलं पण मी नवीन फ्लोट घेतला, कारण आतला पेट्रोलचा थेंब न थेंब निघाल्याशिवाय डाग देणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, आणि डाग जाड बसला तर फ्लोटचं वजन वाढून लेव्हल पुन्हा चुकते ती चुकतेच.

*

वरच्या प्रतिसादात भर: फोमचे काळे फ्लोट असतात त्यांना ही टेस्ट चालत नाही. ते वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतात. बारीक वजनकाट्यावर नव्याबरोबर तोलून बघायचं, फरक लगेच कळतो.

*

माझी केस जरा वेगळी. नीडल नवीन, फ्लोट चांगला, लेव्हल पुस्तकाप्रमाणे, तरीही ओव्हरफ्लो. हे सुरू झालं ते मेकॅनिकल पंप काढून इलेक्ट्रिक बसवल्यापासून, पण पंप नवा कोरा म्हणून त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. शेवटी टी जोडून लाइनवर प्रेशर गेज लावला तर काटा सात पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) वर. छोट्या कार्बोरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय पुरतं, एसयू बनावटीच्या कार्बोरेटरसारख्यांना तर त्यातही कमीच लागतं. त्यापेक्षा जास्त दाब आला की फ्लोट कितीही वर ढकलत असला तरी पेट्रोल नीडलला उघडून आत येतंच. रेग्युलेटर टाकून दाब ३ वर आणला, दुसरं काहीच केलं नाही, ओव्हरफ्लो बंद. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर चुकूनही लावू नका, तो ४० च्या आसपास दाब देतो. आणि कार्बोरेटरपासून टाकीकडे रिटर्न लाइन जात असेल तर ती फुंकून मोकळी आहे ना बघा, ती चोंदली तरी दाब वाढतो.

*

सकाळी पहिल्या सेल्फला चालू, पण चालवून आणून पंधरा-वीस मिनिटं उभी केली की अजिबात घेत नाही, असं कुणाचं होत असेल तर नीडलच्या मागे लागण्याआधी हे करा. गरम इंजिन बंद करा, एअर क्लीनर काढा आणि टॉर्च धरून शांतपणे आत बघत राहा. माझ्या गाडीत थोड्या वेळाने बाऊलमधून बुडबुडल्यासारखा आवाज यायला लागला आणि नळीच्या तोंडाशी थेंब जमून खाली थ्रॉटलच्या पाकळीवर पडायला लागले. पंप तर बंद होता, म्हणजे दाबाचा काही संबंध नाही, इंजिनच्या उष्णतेने बाऊलमधलं पेट्रोल उकळत होतं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारं जाड पॅकिंग असतं, ते आधीच्या कुणीतरी काढून नुसतं कागदी गॅस्केट लावलेलं. जाड पॅकिंग परत बसवलं, इंजिनला टेकलेली पेट्रोलची लाइन लांब घेतली आणि त्रास गेला. याच्यासाठी लोक किटवर किट बदलतात हे बघून खरंच वाईट वाटतं.

*

सीटच्या खालचा वॉशर! नीडल कितीही पक्की बसली तरी सीटच्या आट्यांतून पेट्रोल झिरपतं आणि लेव्हल हळूहळू चढत राहते. किटमध्ये तो असतो, जुना सीटबरोबर निघाला का आणि नवा बसला का बघाच.

*

फ्लड झालेली गाडी तिथल्या तिथे चालू करायची तर अ‍ॅक्सिलेटर तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवायचा आणि सेल्फ मारायचा. पंप करायचा नाही, प्रत्येक दाबाला अ‍ॅक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल आत फवारतो. चोक ओढलेला असेल तर आधी आत ढकला. सेल्फ थोडा थोडा, मध्ये थांबून. तरी नाही झाली तर प्लग काढून वाळवा.

आणि हे झाल्यावर डिपस्टिक काढून वास घ्या. माझी ऑइलची लेव्हल वाढलेली होती आणि पेट्रोलचा वास येत होता, सगळं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरलेलं. तसं पातळ ऑइल बेअरिंगला काय सांभाळणार, गाडी न चालवता ऑइल आणि फिल्टर बदलला.

*

धाग्याचा खूप उपयोग होतोय. एक प्रश्न, किट टाकल्यावर सगळं परत गाडीवर चढवायच्या आधीच नीडल बसतेय का हे कळतं का?

*

हो, फ्लोट झाकणाला लटकणारा असेल तर कळतं. झाकण उलटं धरा, फ्लोट आपल्या वजनाने नीडल दाबतो. पेट्रोल येतं त्या नळीला छोटी रबरी नळी आणि हातपंप लावून हलकी हवा द्या, तोंडाने नको. हवा अडली पाहिजे, आणि फ्लोट बोटाने उचलला की सुटली पाहिजे. लेव्हल मोजताना फ्लोट हाताने दाबू नका, नव्या रबरी टोकावर तिथेच खाच पडते, लेव्हल बदलायला फ्लोटची पत्ती वाकवायची तर फ्लोट उचलून वाकवा. आणि नवं गॅस्केट फ्लोटला कुठे घासत नाही ना हे बघा, गॅस्केट उलटं बसलं की फ्लोट अडकतो आणि मग नवीन नीडलसुद्धा काही करू शकत नाही. तुमचा कार्बोरेटर कोणता ते लिहा, फ्लोट बाऊलमध्ये खाली बसणारा असेल तर पद्धत वेगळी आहे.