रोटरी इंजिनवाली आरएक्स-८ घेऊ का? बायको नको म्हणते आहे

सातारी_मिल्टनकर:
नमस्कार मंडळी. वय ३२, मुक्काम मिल्टन कीन्स. कॉलेजात असल्यापासून माझदाच्या आरएक्स-८ वर जीव आहे. आता जवळच एक दिसली आहे. २००७ ची, २३१ पीएसवाली, सहा गिअर, ६८ हजार मैल, मागतोय अठराशे पौंड. एवढ्यात इथे धड हॅचबॅकही येत नाही. मालक म्हणतो इंजिन लोण्यासारखं चालतं. नेटवर अर्धे लोक 'याच्यासारखी गाडी नाही' म्हणतात, अर्धे 'दिवाळं निघेल' म्हणतात. अडीच वर्षांचा मुलगा आहे, ऑफिस तीन मैलांवर. ज्यांनी स्वतः ठेवली आहे त्यांनीच सांगा. आणि ऍव्हरेज काय देते तेही. बाबा फोनवर पहिलं तेच विचारणार.

वरंधा_घाट:
वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. लेस्टरला असतो. २००५ ची आरएक्स-८ सात वर्षं सांभाळतोय.

आधी बाबांचं मिटवू. लिटरला सहा ते सात किलोमीटर. मोटरवेवर अगदी शहाण्या मुलासारखी चालवली तर आठ. बाबांना दहा सांग.

आता इंजिन. आमच्या वडिलांची लॅम्ब्रेटा होती. भोरच्या पंपावर पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घ्यायचं आणि ते धुरात जायचं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. हे इंजिन स्वभावाने त्या लॅम्ब्रेटाच्या जवळचं आहे. पिस्टन नाहीत. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मधे दबलेल्या पोकळीत तिकोनी रोटर फिरतो. असे दोन रोटर, मिळून १३०८ सीसी. रोटरच्या तिन्ही टोकांना सील असतात आणि ते भिंतीला सतत घासत असतात. त्यांना ओलं ठेवायला इंजिन स्वतःच थोडं थोडं ऑईल आत सोडतं आणि जाळतं. म्हणजे डिपस्टिक खाली गेली तर तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. मला हजार-बाराशे मैलांना लिटरभर लागतं. डिकीत कॅन कायमचा. पिस्टनच्या गाडीची सवय असलेला माणूस बॉनेट उघडतच नाही, सील कोरडे पडतात, आणि मग तो जगभर सांगत सुटतो की इंजिन भिकार.

माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. पहिल्याच हिवाळ्यात, रविवारी सकाळी, बायकोला तिची गाडी ड्राइव्हवेतून बाहेर काढायची होती. मी आरएक्स चालू केली, दोन गाड्यांच्या अंतरावर नेली, बंद केली. वीस सेकंदांचं काम. सोमवारी सकाळी स्टार्टर नुसता गरगर फिरतोय, पेट घेत नाही. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं. ते जळायच्या आत बंद केलं की आतच साचतं, सीलवरचं ऑईल धुऊन नेतं, कॉम्प्रेशन (इंजिन आतल्या हवेला दाबतं तो दाब) पडतं आणि प्लग भिजतात. यावर उपाय आहे: ऍक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारायचा, म्हणजे इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं पेट्रोल बाहेर पडतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. मी बॅटरी संपवली आणि वर शेजाऱ्याचीही अर्धी संपवली. तेव्हापासून घरात नियम आहे: आरएक्स एकदा चालू झाली की गरम होईपर्यंत बंद करायची नाही. बायकोची गाडी काढायची असेल तर मी दुधाची पिशवी आणायच्या निमित्ताने पाच मैल फिरून येतो.

म्हणून तुझ्या त्या तीन मैलांची मला काळजी वाटते. ही गाडी तीन मैलांत धड गरमही होणार नाही. रोज दोनदा अर्धवट तापवून बंद केलीस तर कार्बन धरेल, आणि एखाद्या थंडीत माझा सोमवार तुझ्या वाट्याला येईल.

दुसरं, इथला वार्षिक रोड टॅक्स. २३ मार्च २००६ पासून नोंदलेल्या गाड्यांना धुराप्रमाणे वरचा पट्टा लागतो, आणि ही त्यात सगळ्यात वर बसते: वर्षाला सातशे पौंडांच्या वर. त्याआधीची असेल तर चारशेच्या आसपास. २००७ ची स्वस्तात का मिळते याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं कॉम्प्रेशनमध्ये असू शकतं. साधा कॉम्प्रेशन गेज इथे चालत नाही. एका रोटरच्या तीन बाजू, तिन्हींचे आकडे वेगवेगळे लागतात, त्याला रोटरीचाच टेस्टर हवा. पुनर्बांधणी करायची झाली तर तीन-चार हजार पौंड धर. म्हणजे गाडीच्या दुप्पट. टेस्टर मिळाला नाही तर निदान एवढं कर: अर्धा तास पळव, बंद कर, दहा मिनिटं मालकाशी गप्पा मार आणि पुन्हा चालू कर. थकलेलं इंजिन थंड असताना गपगुमान सुरू होतं, गरम असताना रडतं.

एवढं असून मी विकत का नाही? इंजिन इतकं लहान आहे की ते पुढच्या चाकांच्या मागे बसवलंय. वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं. वेल्समध्ये लानबेरिसच्या घाटात वळणावर ती ज्या तऱ्हेने वळते ना, तसं मला वरंध्यात कुठल्याच गाडीत जमलं नव्हतं. चार हजार आरपीएमच्या खाली दम नाही, चौकात एखादी डिझेल व्हॅनही पुढे निघून जाते. पण सहा हजारांनंतर आवाज बदलतो, थरथर नावाला नाही, आणि काटा नऊ हजारांकडे जाताना गाडीच बीप वाजवून सांगते की बाबा, आता गिअर टाक. सात वर्षांत त्या बीपचा कंटाळा आलेला नाही.

मुलाचं म्हणशील तर मागचे दरवाजे उलटे उघडतात, मधे खांब नाही, चाइल्ड सीट आरामात बसते. फक्त पुढचं दार उघडल्याशिवाय मागचं उघडत नाही. पार्किंगमध्ये पावसात उभं राहून हे करून बघ.

विकून_मोकळा:
मी चौदा महिने ठेवली. प्रत्येक रोटरला दोन असे चार प्लग, आणि वरचे-खालचे वेगळ्या जातीचे. गल्लीतल्या गॅरेजवाल्याने अदलाबदल करून बसवले. त्यात प्लगला ठिणगी देणारी एक कॉईल मेली होती, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो लालबुंद. रोटरी कळणारा माणूस तासाभराच्या अंतरात नसेल तर घेऊ नका. माझदाचीच दोन सीटवाली एमएक्स-५ घ्या आणि सुखाने झोपा. (मुलाला कुठे बसवणार ते मात्र माहीत नाही.)

मायक्रॉन:
ही सीलची रड जुनी आहे. जर्मनीच्या एनएसयूची आरओ-८० हीच रोटरी घेऊन १९६७ मध्ये आली, १९६८ ची युरोपातली कार ऑफ द इयर ठरली, आणि वॉरंटीत इंजिनं बदलता बदलता कंपनी खचली. माझदात भिंतीवर उठणाऱ्या ओरखड्यांना 'सैतानाची नखं' म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांचे ४७ इंजिनिअर त्यामागे लागले, तेव्हा १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९९१ ला माझदाची चार रोटरची ७८७बी चोवीस तासांची ल मान शर्यत जिंकली. तिथे इंजिन चोवीस तास गरमच असतं म्हणा.

पुणेरी_टूस्ट्रोक:
शीर्षक वाचून आरएक्स हंड्रेडचा धागा समजून आलो. ही भारतात आणता येईल का?

वरंधा_घाट:
@पुणेरी, नाही. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि आरएक्स-८ चं उत्पादनच २०१२ ला थांबलं. हंड्रेडच सांभाळा.

सातारी_मिल्टनकर:
काल बघून आलो. काका, तुम्ही सांगितलं तसं अर्धा तास चालवली. वेड लागलं, खोटं नाही सांगत. मग म्हटलं जरा बंद करू या. तर मालक म्हणाला, "राहू दे चालूच, बॅटरी जरा वीक आहे." तरी बंद केली. दहा मिनिटांनी स्टार्टर मारला, स्टार्टर जोरात फिरत होता, पण पेट घ्यायला अर्धं मिनिट लागलं. बायको मागच्या सीटवर पोराला घेऊन बसली होती, ती काहीच बोलली नाही.

डर्बीला फेब्रुवारी २००६ ची एक आहे, इंजिन दोन वर्षांपूर्वी पुन्हा बांधलेलं, बिल आहे म्हणतो. बत्तीसशे. ऑफिसला सायकलने जाईन.

वरंधा_घाट:
बिलावर तिन्ही बाजूंचे कॉम्प्रेशनचे आकडे आहेत का ते विचार. डर्बी मला अर्धा-पाऊण तास. शनिवारी जाणार असशील तर सांग, मी येतो. माझ्या गाडीने येतो, म्हणजे तिलाही जरा मोकळं होता येईल.